शेक घरचा, बर्फ बाहेरचा

पाय मुरगळला की पुण्यातल्या घरांत अजूनही दोन पक्ष पडतात. सिंहगडावरून लंगडत उतरलेला माणूस सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच एक जण गरम पाण्याची पिशवी शोधायला लागतो आणि दुसरा फ्रीजरमधली मटारची पिशवी काढून आणतो. दोघांनाही आपलंच शास्त्रोक्त वाटतं. शास्त्राची गोष्ट पुढे येईलच, पण या वादामागे आधी एक साधी बाब आहे: उष्णता घरात तयार करता येत होती, गारवा येत नव्हता.

चूल किंवा शेगडी प्रत्येक घरी होती. त्यामुळे वीट तापवून फडक्यात गुंडाळायची, जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर धरायची, एरंडाचं पान तेल लावून गरम करायचं, निर्गुडीच्या पाल्याने शेकायचं, हे सगळं फुकटात जमायचं. मुक्या मारावर लेपगोळी. काष्ठौषधींच्या दुकानांत ती आजही मिळते. सहाणेवर पाण्याचे थेंब टाकून उगाळायची, लेप पळीत कोमट करायचा आणि सुजेवर जाड थर द्यायचा. वाळला की कातडी अशी ताणली जाते की पाय हलवायची हिंमत होत नाही. माझ्या मते निम्मा गुण या सक्तीच्या विश्रांतीचाच असावा. आंबेहळदीचा गरम लेपही याच घराण्यातला.

म्हणून ‘आपल्याकडे फक्त शेक, थंड उपचार साहेबाचे’ असं म्हणावं, तर सुश्रुत आडवा येतो. चरकाने अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आणि सुश्रुताने स्वेदाचे चार, त्यामुळे घाम काढण्याची परंपरा दांडगी आहे हे खरंच. पण रक्त थांबवण्याचे जे चार मार्ग सुश्रुत देतो, त्यांतला एक गारव्याचा आहे: थंडाव्याने रक्त गोठतं, असं तो स्वच्छ म्हणतो. मोडलेल्या हाडावर धार धरायला वडाच्या वर्गातल्या झाडांचा काढा तो चांगला गार करून सांगतो. दुखणं असेल तर कोमट उपायांकडे वळतो. वरवरच्या भाजण्याला मात्र तो चक्क शेकच देतो. कारण तेच, थंड पाण्याने रक्त दाट होतं. आज भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला सांगतात आणि बर्फ लावू नका म्हणून बजावतात, म्हणजे या एका बाबतीत आपण सुश्रुताच्या नेमकं उलट वागतो. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांतही सांध्यांच्या सुजेवर भरपूर गार पाणी ओतायचा सल्ला आहे. गारवा कुणालाच नवा नव्हता, फक्त तो विहिरीच्या पाण्याइतकाच गार होता.

बर्फाची गोष्ट वेगळी. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. तळ्यांतला गोठलेला बर्फ कापून, भुशात बांधून निम्म्या जगाला वळसा घालून आणलेला. पुढे मुंबईतही तो उतरू लागला, पण तो सरबतासाठी आणि साहेबांच्या ज्वरासाठी. मुंबईहून पुण्याला सलग रेल्वे व्हायलाच बोरघाट फोडून १८६३ साल उजाडलं. यंत्राने बर्फ करणारे कारखाने आल्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी रसवंतीपर्यंत पोचली, आणि पोराच्या कपाळाला टेंगूळ आलं की तिथून चार आण्यांचा तुकडा आणायची सोय झाली. हिंदुस्थानी बनावटीचा गोदरेजचा फ्रीज आला १९५८ मध्ये, आणि मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात तो रुळायला आणखी दोन-तीन दशकं गेली. म्हणजे ज्या आजी बर्फाला नाक मुरडतात, त्यांच्या लहानपणी बर्फ ही विकतची चैन होती.

मधल्या काळात गारवा पुण्यात भलत्याच वाटेने आला होता. युरोपातल्या व्हिन्सेंट प्रीसनिट्झ नावाच्या शेतकऱ्याच्या बरगड्या तरुणपणी गाडीखाली सापडून मोडल्या. त्याने ओल्या पट्ट्या बांधून स्वतःला बरं केलं आणि एकोणिसाव्या शतकात ग्रेफेनबर्गला गार पाण्याचं उपचारकेंद्रच थाटलं. पाण्याच्या उपचारांची ही लाट जर्मनीत लुई कूनेपर्यंत पोचली. त्याचं कटिस्नान, म्हणजे टबात कंबरेपर्यंत गार पाण्यात बसणं, आणि अडॉल्फ जुस्ट या दुसऱ्या जर्मन निसर्गोपचारकाची मातीची पट्टी दक्षिण आफ्रिकेत असतानाच गांधीजींनी उचलली. पुढे ताडीवाला रोडवरच्या डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले, आणि मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला खेड्यातल्या माणसासाठी तसंच केंद्र सुरू केलं. मणिभाई देसाईंनी ते उभं केलं. तिथला गारवा मातीचा, ओल्या फडक्याचा. पैसा लागू नये हाच तर मुद्दा होता.

मग आजचा ‘आधी बर्फ, मग शेक’ हा नियम आला कुठून? १९७८ मध्ये अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चार गोष्टींना ‘राइस’ (रेस्ट, आइस, कम्प्रेशन, एलिव्हेशन) हे नाव दिलं. आद्याक्षरांनी बनलेला शब्द लक्षात राहायला सोपा, त्यामुळे तो क्रीडांगणांवरून शाळांच्या प्रथमोपचार पेट्यांपर्यंत गेला. युक्तिवादही पटणारा होता: गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी होते, मज्जातंतूंचा वेग मंदावून ठणका उतरतो. शेवटची गोष्ट आजही वादातीत आहे. वाद सुजेचा. सूज म्हणजे नुसता बिघाड नाही, दुरुस्तीला येणाऱ्या पेशींची ती रहदारी आहे, आणि बर्फाने ती अडते असं म्हणत २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच माघार घेतली. २०१२ च्या सुधारित सूत्रात विश्रांतीच्या जागी बेताची हालचाल आली, बर्फ राहिला. २०१९ मध्ये सुचवलेल्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका असह्य असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ लावायला हरकत नाही. थेट कातडीवर नको, बधिर पायाच्या मधुमेह्यांनी तर नकोच. ताज्या सुजेवर शेकाची घाई नको. त्या उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढू शकते. पायावर उभंच राहवत नसेल तर दोन्ही पिशव्या बाजूला ठेवून एक्स-रे.

उसण भरली असेल तर हिशोब बदलतो. कंबरेच्या ताज्या दुखण्यावर गार-गरम उपचारांचा कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा २००६ मध्ये आला. उबदार पट्ट्याने थोड्या काळापुरता का होईना, उतार पडतो याला त्यात बरा आधार सापडला. बर्फाच्या बाजूने ठोस निष्कर्ष काढता यावा इतका पुरावाच नव्हता.