परतीचे स्थलांतर : महाराष्ट्रातील हिवाळी पक्षी

हिवाळा काढण्यासाठी उत्तरेकडून आलेले पक्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या विणीच्या प्रदेशाकडे माघारी निघतात, त्याला परतीचे स्थलांतर म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्यात ते साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे माघ सरता सरता सुरू होऊन वैशाखापर्यंत चालते. युरोपात वसंत हा पक्षी येण्याचा ऋतू; दक्षिणेकडून आलेली पहिली माळभिंगरी दिसली की तिथे लोक ती एकमेकांना सांगतात. आपल्याकडे वसंत हा पक्षी जाण्याचा ऋतू आहे. येणारा पक्षी लगेच नजरेत भरतो, जाणाऱ्याचे तसे होत नाही. अंगणाच्या भिंतीवर रोज शेपूट थरथरवणारा थिरथिरा आठ-पंधरा दिवस दिसला नाही, हे एकदम केव्हातरी ध्यानात येते. म्हणूनच हे स्थलांतर आपल्या समोर घडत असूनही सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या आगमनाच्या मानाने त्याच्या नोंदी फार थोड्या होतात.

महाराष्ट्रात येणारे बहुतेक हिवाळी पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने ये-जा करतात. सैबेरियापासून हिंदी महासागरातील बेटांपर्यंत पसरलेल्या या मार्गात सुमारे तीस देश येतात. निघण्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरते. डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, तसे पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते. लांब पल्ल्याची उड्डाणे करणाऱ्या काही लहान पाणपक्ष्यांचे वजन निघण्यापूर्वी दीडपटीपर्यंत वाढते. या दिवसांत चिखलाणीवरचे पक्षी न थांबता टिपत असतात, त्यामागचे कारण हेच. हौसेखातर त्यांना उडवून फोटो काढणारा माणूस त्यांच्या प्रवासाच्या शिदोरीलाच हात घालत असतो. प्रत्यक्ष निघण्याचा दिवस मात्र हवेवर, विशेषतः वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून राहतो. वटवट्या, माशीमार यांसारखे छोटे पक्षी बहुतांशी रात्री उडतात. माळभिंगऱ्या आणि शिकारी पक्षी दिवसा.

रंगपालट

परतीच्या स्थलांतराची सर्वांत सोपी खूण पिसांत दिसते. मुंबईच्या किनाऱ्यावर, घारापुरीच्या बोटींमागे, दापोली-गुहागरच्या पुळणींवर हिवाळाभर दिसणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवांना तेव्हा काळे डोके नसतेच. पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका असतो. फेब्रुवारीपासून त्या ठिपक्याभोवती गडद पिसे फुटू लागतात आणि मार्चअखेर अनेकांच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढलेली असते. एकाच थव्यात कोरी, अर्धवट आणि पूर्ण टोपीवाली अशी सगळी डोकी पाहायला मिळतात. पक्षिनिरीक्षणाला नव्याने लागलेल्याने इथूनच सुरुवात करावी, इतके हे उघड आहे. बोटीवरून या पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकण्याची रीत मात्र बंद व्हायला हवी. लांबच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या पक्ष्याला मासे आणि किडे लागतात, तळलेले बेसन नव्हे.

पाणवठ्याकाठचे धोबीही असेच पालटतात. हिवाळ्यात फिकट, मातकट दिसणाऱ्या पिवळ्या धोब्याचा नर एप्रिलमध्ये हळदीसारखा झळकतो. त्याच्या उपजातीही तेव्हाच नीट ओळखता येतात, कारण डोक्याचा काळा, राखाडी किंवा निळसर रंग याच दिवसांत स्पष्ट होतो. खाडीच्या चिखलात टिपणारे तुतवार हे छोटे राखाडी पाणपक्षी विटकरी होऊ लागतात. ज्या पक्ष्यांची ओळख पटवताना जानेवारीत जाणकारांतही वाद होतात, ते एप्रिलमध्ये आपली ओळख स्वतःच देतात, आणि नेमके तेव्हाच उन्हाला कंटाळून आपण दुर्बीण कपाटात ठेवलेली असते.

भोरड्या

परतीच्या स्थलांतरातला सर्वांत देखणा प्रसंग भोरड्यांचा, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. गुलाबी मैना किंवा पळसमैना या नावांनीही हा पक्षी ओळखला जातो. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपूट काळे, डोक्यावर तुरा. कझाकस्तान आणि आसपासच्या मध्य आशियाई गवताळ प्रदेशात त्याची वीण होते. तिथे दगडांच्या खबदाडीत मोठ्या वसाहती करून तो राहतो आणि पिलांना टोळ-नाकतोड्यांवर वाढवतो. टोळ जिथे जास्त, तिथे त्या वर्षी वसाहत, असा त्याचा हिशेब असल्याने एकाच जागी तो दरवर्षी घरटी करीलच असे नाही. वीण आटोपताच तो दक्षिणेकडे निघतो. जुलैअखेर किंवा ऑगस्टात पहिले थवे भारतात उतरतात, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत मुक्काम असतो. वर्षाचे आठ महिने ज्या पक्ष्याचे आपल्याकडे जातात, त्याला पाहुणा म्हणणे थोडे अन्यायाचेच.

सोलापूर, पंढरपूर, बारामतीकडे हिवाळ्याच्या संध्याकाळी भोरड्यांचे हजारोंचे थवे रातथाऱ्यावर उतरण्यापूर्वी आकाशात वळणे घेतात. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरला की शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने त्यांना हाकलतो. कणसांचे नुकसान खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच थवे शेतातल्या अळ्या आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणात फस्त करतात, ही बाजू क्वचितच सांगितली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते आणि त्याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. मग भोरड्या फुलांतल्या मधावर येतात. चोच आणि कपाळ परागाने माखते आणि एका झाडावरचा पराग दुसऱ्या झाडावर जातो. याच काळात पिसांची फिकट टोके झिजून खालचा गुलाबी रंग उजळतो. शिशिरात मळकट वाटणारा पक्षी फुललेल्या पांगाऱ्यावर ओळखू येऊ नये इतका बदललेला असतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे थवे पातळ होऊ लागतात.

निघण्याचा क्रम

सगळे एकदम निघत नाहीत. मार्च उजाडता उजाडता चक्रवाक आणि पट्टकदंब हलू लागतात. चक्रवाक लडाख, तिबेट आणि त्यापलीकडच्या प्रदेशात घरटी करतो. पट्टकदंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसवर्गीय पक्षी, विदर्भातल्या तलावांवर विशेष दिसणारा. मंगोलिया आणि तिबेटच्या पठाराकडे जाताना त्याला हिमालय ओलांडावा लागतो. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला धरून ठेवते. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात त्याची उड्डाणे ७,००० मीटरच्याही वर नोंदली गेली आहेत. पण तो शक्यतो खिंडींतून, जमिनीची उंची धरून जातो आणि रात्रीच्या किंवा पहाटेच्या थंड, दाट हवेचा फायदा घेतो. तो एव्हरेस्टच्या माथ्यावरून जातो अशी कथा लोकांना आवडते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे, कारण त्यात ताकदीइतकेच शहाणपण आहे.

तलवार बदके आणि थापटे मार्चभर कमी होत जातात. भुवई बदक मात्र येण्यात सर्वांत पुढे आणि जाण्यात मागे राहणारे. माळरानांवर जमिनीलगत तरंगत उंदीर-टोळ शोधणारा माँटेग्यूचा भोवत्या मार्च-एप्रिलमध्ये नाहीसा होतो. सह्याद्रीच्या झाडीत सप्टेंबरपासून सतत कानावर पडणारी पर्ण-वटवट्यांची चिवचिव एप्रिलच्या उत्तरार्धात थांबते. झुडपांत लपून राहणारा ब्लाइथचा बोरू वटवट्या जाण्याआधी थोडे गाऊन घेतो. हिवाळाभर नुसते ‘चक् चक्’ करणाऱ्या या पक्ष्याचे खरे गाणे आपल्याकडे ऐकू येण्याचे तेवढेच दिवस.

काही जातच नाहीत. तुतवार, चिखले, कुरव यांच्यातली पहिल्या वर्षाची पिले अनेकदा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच पावसाळा काढतात. त्यांना वीण करायची नसते, मग हजारो किलोमीटरचा धोका कशाला पत्करायचा? मे-जूनमध्ये दिसलेला असा पक्षी आजारी किंवा वाट चुकलेला असल्याची समजूत बहुधा चुकीची असते. दुसरीकडे, ही पाठवणी होते न होते तोच दक्षिणेकडून नवरंग आणि आफ्रिकेकडून चातक पावसाच्या आगेमागे येऊन थडकतात. ते आपल्याकडे विणीसाठी येतात. म्हणजे युरोपीय अर्थाने ज्याला वसंताचे आगमन म्हणावे, ते महाराष्ट्रात मृगाच्या तोंडावर होते.

पाहण्याच्या जागा

भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा या हंगामात अव्वल ठरतो. जलाशयाचे पाणी शेतीसाठी सोडले जाते, पातळी उतरते आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला उथळ चिखलाणी उघडी पडते. रोहित, ज्यांना बरेच जण अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतात, ते तिथे याच कारणाने उशिरा जमतात आणि उन्हाळाभर राहतात. पाऊस जास्त झालेल्या वर्षी पाणी लवकर हटत नाही, मग त्यांचे येणेही लांबते. इथल्या मच्छीमार कुटुंबांनी होड्यांतून पक्षी दाखवण्याचा व्यवसाय उभा केला आहे आणि पाण्याची पातळी पाहून पक्षी कुठे असतील हे ते अचूक सांगतात.

रोहितांचा प्रवास मध्य आशियाई पाहुण्यांच्या प्रवासापेक्षा वेगळा आहे. पश्चिम भारतातल्या रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये उपग्रह-यंत्रे बसवलेले ठाणे खाडीचे काही रोहित पुढे गुजरातेत पोचल्याचे दिसले. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तरी या पक्ष्यांची वाट सुरक्षित नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपर भागात विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित एका रात्रीत मेले. खाडीच्या भोवतालची, भरतीच्या वेळी टेकण्याची तळी आणि मिठागरे बुजवली गेली, तर हे थवे वस्तीवरून आणखी लांब ये-जा करू लागतील, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ (२०२०). फेब्रुवारीत तिथे बदकांची गर्दी असते, आणि एप्रिलच्या मध्यावर त्याच पाण्यावर बहुतेक रहिवासीच उरतात. दोन्ही वेळा जाऊन आल्याशिवाय स्थलांतर म्हणजे काय ते डोळ्यांना पटत नाही. पैठणचे जायकवाडी, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, गोव्यातले करमळीचे तळे आणि मांडवीतले चोडण बेटही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

शेवटच्या दर्शनाची नोंद

आपल्याकडची पक्षिगणना हिवाळ्यात एकवटलेली आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, परसातील पक्ष्यांची जागतिक गणना फेब्रुवारीत, आणि राज्याचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, अनुक्रमे मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना धरून. मार्च-एप्रिल त्यामुळे रिकामे राहतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ उपक्रमाने पहिल्या दर्शनाइतकेच शेवटच्या दर्शनाला महत्त्व दिले. त्यातला विदा (डेटा) पुढे ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या ऑनलाइन संग्रहात सामावला गेला.

शेवटचे दर्शन टिपणे कठीण असते, कारण ते शेवटचे आहे हे त्या दिवशी कळत नाही. त्यासाठी एकच जागा धरून आठवड्यातून किमान एकदा जावे लागते आणि पक्षी दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे जात राहावे लागते. ‘आज दिसला नाही’ हीसुद्धा नोंद असते, म्हणून यादी पूर्ण लिहावी. केवळ दुर्मीळ पक्षी लिहू नयेत. तारीख, वेळ, ठिकाण, संख्या आणि पिसांचा रंग कितपत पालटला होता एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले कडे पायात किंवा पट्टा गळ्यात असलेला पक्षी दिसला, तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावीत. १९५९ पासून या संस्थेने मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम केले, त्यातूनच आपल्या पाहुण्यांची मूळ गावे पुष्कळशी कळली. हवामान बदलत असताना पक्षी लवकर निघतात की उशिरा, हे सांगायला वर्षानुवर्षांच्या अशा साध्या तारखाच लागतात, आणि त्या गावागावांतून लिहिल्या गेल्या तरच मिळतील.