घरच्या घरी डायलिसिस आणि खानदेशातला उन्हाळा

दोन्ही किडन्या निकामी झालेल्या रुग्णाला यंत्रावरच्या डायलिसिससाठी साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रात जाऊन दर वेळी सुमारे चार तास खाटेवर पडून राहावे लागते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नंदुरबार गाठणाऱ्या कुटुंबात अशा प्रत्येक फेरीला दोघांची मजुरी बुडते. अशांसाठी दुसरी पद्धत आहे, ती म्हणजे पोटातले डायलिसिस. तिचा घरी रोज सतत चालणारा प्रकार पॉपोविच आणि मॉन्क्रीफ या संशोधकांनी १९७६ साली अमेरिकेत मांडला.

पोटाच्या पोकळीला आतून पेरिटोनियम नावाचे पातळ अस्तर असते. कायमच्या बसवलेल्या मऊ नळीतून सुमारे दोन लिटर द्रावण आत सोडले, की रक्तातले युरिया, क्रिएटिनिन हे टाकाऊ पदार्थ आणि पोटॅशियम त्या अस्तरातून द्रावणात उतरतात आणि द्रावणातल्या ग्लुकोजमुळे शरीरातले जादा पाणीही ओढले जाते. चार-सहा तासांनी ते बाहेर काढून नवी पिशवी लावायची, असे दिवसातून बहुधा तीन-चार वेळा. हाताने पिशवी बदलताना वीज लागत नाही, कारण द्रावण उंचावरून आपोआप उतरते; भारनियमनाच्या गावांत ही सोय लहान नाही.

अडचण आहे ती पंख्याची. पिशवी जोडताना धूळ उडू नये म्हणून दारे-खिडक्या लावून पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना मास्क लावून, हात धुऊन कोरडे करून हे शांतपणे उरकणे सोपे नाही. तरीही येथे घाई करू नये, कारण जोडणीच्या टोकाला चुकून बोट लागले तर जंतू थेट पोटात जातात. महिन्याचा साठा शंभराहून अधिक पिशव्यांचा असतो. तो पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा.

नळीची जागाही शस्त्रक्रियेआधी रुग्णाला बसवून आणि उभे करून ठरवायची असते, म्हणजे परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेमका तिच्यावर येत नाही. पोटात द्रावण भरलेले असताना केळीचा घड किंवा पोते उचलल्यास हर्नियाचा धोका वाढतो, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवे.

आहाराबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणून यंत्रावरच्या रुग्णाला रावेर-यावलसारख्या केळीच्या पट्ट्यात राहूनही ते बहुधा टाळावे लागते. पोटातल्या डायलिसिसमध्ये मात्र पोटॅशियम रोजच निघून जाते, कधी कधी प्रमाणाबाहेर घटते, आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टरच केळे खायला सांगतात. एकाचा आहारतक्ता दुसऱ्याला देणे म्हणूनच घातक आहे. निघणाऱ्या द्रावणातून रोज काही ग्रॅम प्रथिनेही वाहून जातात, तेव्हा अंडी, मासे किंवा डाळ वाढवावी लागते. मीठ मात्र दोघांनाही आवरावेच लागते. भरताबरोबरचा पापड आणि लोणचे तहान वाढवतात, आणि प्यालेले ते पाणी पुढे पायांवर सूज होऊन दिसते.

बाहेर आलेली पिशवी रोज वर्तमानपत्रावर ठेवून पाहावी. अक्षरे स्पष्ट वाचता आली तर पाणी स्वच्छ आहे. गढूळ दिसले, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर ती पिशवी ओतून न टाकता तशीच घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण कोणते प्रतिजैविक द्यायचे हे त्या पाण्याच्या तपासणीवरूनच नेमके ठरते.