क्यूटीएल मॅपिंग (संख्यात्मक गुणांच्या जनुकस्थानांचा शोध)

दाण्याचे वजन, रोपाची उंची, दुधातील स्निग्धांश हे मोजून सांगायचे गुण. ते अनेक जनुके आणि परिस्थिती मिळून ठरवतात. अशा गुणावर परिणाम करणारे गुणसूत्रांवरील भाग, म्हणजे क्यूटीएल, संख्याशास्त्राने शोधण्याची ही पद्धत. त्यासाठी दोन भिन्न वाणांचा संकर करून पुढील पिढीतल्या प्रत्येक रोपाचा गुण मोजतात, आणि डीएनएवरील ठरावीक खुणांपाशी (मार्कर) कोणत्या पालकाचा वारसा आला ते पाहतात.

कार्ल सॅक्स यांनी १९२३ मध्ये घेवड्याच्या बियांचा रंग आणि वजन यांचा संबंध दाखवला, तो याच विचाराने. मार्करनुसार रोपांचे गट पाडायचे आणि सरासरी ताडून पाहायची. पण फरक लहान निघाला, तर जनुक जवळचे पण दुबळे की प्रभावी पण दूरचे, हे यातून कळत नाही.

एरिक लँडर आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी १९८९ मध्ये ही कोंडी फोडली. लगतच्या दोन मार्करांमधील एकेका बिंदूवर क्यूटीएल आहे असे मानायचे, पुनर्संयोगाच्या (जोडीतल्या गुणसूत्रांमधील तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) प्रमाणावरून तिथल्या जनुकरूपाची, म्हणजे तिथे कोणत्या पालकाचे जनुक आले याची, संभाव्यता काढायची, आणि क्यूटीएल असताना हाती आलेली मोजमापे नसतानाच्या तुलनेत किती पट संभवनीय ठरतात ते पाहायचे. या गुणोत्तराचा १० पायाचा लॉगरिदम म्हणजे लॉड. लॉड ३ म्हणजे हजार पट. हेली आणि नॉट यांनी १९९२ मध्ये हेच काम साध्या समाश्रयणाने (रिग्रेशन) जवळपास तितकेच चांगले होते असे दाखवले. पुढे यान्सेन आणि झेंग यांनी इतर मार्करही समीकरणात घेऊन शेजारच्या क्यूटीएलचा गोंधळ कमी केला.

खरी मेख उंबरठ्याची, म्हणजे लॉड किती असला की क्यूटीएल खरे मानायचे याची. शेकडो जागा तपासल्या की कुठेतरी योगायोगानेच शिखर उभे राहते. चर्चिल आणि डोर्ज यांनी १९९४ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे: गुणांचे आकडे रोपांमध्ये पत्त्यांसारखे पिसायचे, पुन्हा विश्लेषण करायचे, असे हजारदा. दर खेपेचा सर्वोच्च लॉड नोंदवून, ज्याच्या वर फक्त ५ टक्के खेपा जातात तो उंबरठा धरायचा. तो ओलांडणाऱ्या क्यूटीएलचा परिणामही, रोपे थोडी असतील तर, फुगलेला दिसतो (बीव्हिस परिणाम). शंभरेक रोपांवरचे मोठे दावे म्हणूनच जपून वाचावेत.

ओडिशातील एफआर१३ए या भाताची पुरात तग धरण्याची क्षमता १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावरील सब१ या स्थानाशी जोडली गेली. ते स्वर्णा वाणात उतरवून तयार झालेले स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. अर्थात सब१ हे एकटेच बलवान स्थान होते. उत्पादनासारख्या गुणात परिणाम अनेक लहान स्थानांत विखुरलेला असतो.