जखमी कोंबडीचे कळपापासून संरक्षण

टोचाटोचीत किंवा अन्य कारणाने जखमी झालेल्या कोंबडीला बाजूला काढणे, तिची जखम बरी करणे आणि तिला पुन्हा त्याच कळपात सुखरूप नांदती करणे, ही कुक्कुटपालनात वारंवार करावी लागणारी गोष्ट आहे. यातले औषधपाणी तुलनेने सोपे असते. कस लागतो तो परतीच्या वेळी. कोंबडी कळपापासून जितकी तुटते आणि जितके जास्त दिवस तुटून राहते, तितके तिचे परतणे धोक्याचे होते. म्हणून तिला वेगळे ठेवायचे, पण बाकीच्यांच्या नजरेआड होऊ द्यायचे नाही, हे या सगळ्या कामाचे सूत्र आहे.

हल्ल्याची कारणे : कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी कोणासमोरून मुकाट्याने बाजूला व्हायचे हे ठरलेले असते. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही व्यवस्था शास्त्रीय स्वरूपात मांडली. उतरंड एकदा बसली की भांडणे उलट कमी होतात. वरची कोंबडी नुसती मान ताणते आणि खालची हटते. जखमी कोंबडीला मात्र ही व्यवस्था सांभाळत नाही. ती दाण्यापाशी उशिरा पोचते, टोच चुकवून पळू शकत नाही, आणि कालपर्यंत तिला वचकून असलेल्या कोंबड्याही तिच्यावर धावून जाऊ लागतात.

उतरंडीपोटी बसणारी टोच आणि रक्त पाहून बसणारी टोच यांत फरक करायला हवा. पहिली बहुधा डोक्यावर, तुऱ्यावर बसते आणि समोरची दबली की थांबते. दुसरीत राग नसतोच. दाणे टिपण्याच्या, माती उकरण्याच्या उपजत ओढीला लागलेले ते वाईट वळण असते. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यात तीन. ओला लाल ठिपका तिला लांबूनही खुणावतो. एकीने टोचले की दुसऱ्या पाहून शिकतात, जखम वाढते, रक्त अधिक दिसते आणि अख्खा कळप तुटून पडतो. अशा वेळी काही तासांत कोंबडी मरू शकते. त्यामुळे ‘संध्याकाळी बघू’ म्हणणे इथे परवडत नाही.

सर्वांत धोक्याची जागा गुदद्वाराची. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये (तरुण माद्यांमध्ये) अंडे घालताना आतली लाल, ओली त्वचा क्षणभर बाहेर दिसते. अंडे मोठे असले किंवा कोंबडी फार लठ्ठ असली तर अंग बाहेर येऊन तसेच राहते. इतर कोंबड्या ते ओढू लागल्या तर आतडीसुद्धा बाहेर येतात. त्याखालोखाल शेपटीचे मूळ आणि नवी पिसे फुटत असलेली पाठ, कारण वाढत्या पिसाच्या दांड्यात रक्त असते आणि ते मोडले की वाहू लागते. कोंबड्याच्या नख्यांनी पाठ सोलवटलेली असेल तर गुन्हेगार कळप नसून नरांची संख्या असते. साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. अशा पाठीवर कापडी झूल बांधतात, पण ती उघड्या जखमेवर नको, जखम सुकल्यावर.

पहिले उपचार : कोंबडीला उचलून शांत, अंधाऱ्या, उबदार जागी न्यावे. अंधारात ती लवकर स्थिरावते. धरताना छाती आवळू नये. पक्ष्यांना श्वासपटल नसते, श्वास घ्यायला छातीचा पिंजरा हलावाच लागतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे सलग दाबून धरावे. मक्याचे सत्त्व (कॉर्नस्टार्च) भुरभुरल्यानेही किरकोळ रक्तस्राव थांबायला मदत होते. मग कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुऊन, भोवतीची पिसे कात्रीने छाटून, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा वापरू नये, त्याने नव्याने भरणारी त्वचा जळते. जखमेचा लाल रंग झाकण्यासाठी जांभळे जेंशियन व्हायोलेट हे रंगीत जंतुनाशक पूर्वापार वापरले जाते, पण अंडी-मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांवर ते वापरायला काही देशांत मनाई आहे. पाणी आधी, दाणा नंतर: धक्का बसलेली कोंबडी खाईल असे नाही, पण पाणी पोटात जायलाच हवे.

कोंबडीचा पू वाहत नाही, तो चिजासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. जखम वरून कोरडी दिसली तरी खाली गाठ लागते का हे म्हणूनच बोटाने चाचपून पाहावे. उष्ण हवेत माशा बसून जखमेत आसडी (माशांच्या अळ्या) पडण्याची भीती मोठी; जखम दिवसातून दोनदा तरी उलगडून पाहिली पाहिजे. पोट उघडे पडले असेल, हाड दिसत असेल किंवा अंग आत बसत नसेल तर पशुवैद्याकडे न्यावे. प्रतिजैविक दिले असेल तर ठरलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी खाऊ नयेत.

वेगळे ठेवणे : पहिला एखादा दिवस पूर्ण एकांत चालतो. संसर्गजन्य रोगाची शंका असेल तर तो आवश्यकच आहे. त्यानंतर मात्र जाळीचा पिंजरा खुराड्याच्या आतच किंवा कुंपणाला लागून ठेवणे उत्तम. जाळीतून चोच पोचणार नाही इतके अंतर हवे, आणि आत स्वतंत्र दाणा-पाणी. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. दोन-तीन आठवडे न दिसलेली सोबतीण त्यांच्या लेखी उपरी ठरू शकते. फार एकटी पडलेली कोंबडी खाणे टाकते. तिच्याबरोबर कळपातली एखादी गरीब स्वभावाची कोंबडी ठेवली तर दोघी तगतात, आणि परतताना दोघी मिळून परततात.

परत सोडणे : खपली पडून त्वचा आपल्या रंगावर आली की कोंबडी परतायला तयार झाली असे समजावे; पिसांनी ती जागा झाकली असेल तर अधिक चांगले. मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा वाढते, पण मोडून खुंट राहिलेले पीस पुढच्या पिसे-गळतीपर्यंत तसेच राहते. तेव्हा पिसांची वाट पाहत बसणे नेहमीच शक्य नसते.

रात्री कोंबड्या दांडीवर बसल्यावर तिला हळूच मध्ये बसवण्याची रीत सर्वत्र आहे. ती उपयोगी असली तरी तेवढ्यावर विसंबणे बरे नाही, कारण खरी परीक्षा पहाटे दार उघडण्याआधी अडचणीच्या जागेत होते. पहाटे तिथे माणूस असलाच पाहिजे. त्यापेक्षा दिवसा मोकळ्या आवारात थोडा थोडा वेळ एकत्र सोडणे अधिक खात्रीचे. दाणा-पाण्याची भांडी एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवावीत आणि आडोसे असे उभे करावेत की मागे लपता येईल, पण कोपऱ्यात कोंडमारा होणार नाही. एखाद-दुसरी टोच बसली तर मध्ये पडू नये. उतरंड नव्याने बसायला ती लागते. पाठलाग थांबत नसेल किंवा रक्त निघाले तर मात्र लगेच बाहेर काढावे.

दोष एकाच दांडगट कोंबडीचा असेल तर जखमीऐवजी तिलाच काही दिवस दूर, नजरेआड ठेवणे हा उपाय मला सर्वांत न्याय्य वाटतो. इथे वेगळेपणाचा तोच नियम उलट कामी येतो: ती परतते तेव्हा उपरी असते, आणि तिचा मान बराच उतरलेला असतो.

कळपच बिघडला असेल तर जखमीवर कितीही उपचार केले तरी दुसरी बळी ठरते. दाटी, प्रखर किंवा सोळा तासांहून अधिक प्रकाश, खाद्यात प्रथिने, मेथिओनीन (प्रथिनांतला एक घटक) वा मीठ कमी पडणे, उवा-माइट, उकरायला काही नसणे ही नेहमीची कारणे. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात. खाद्यातली उणीव भरायला कोंबड्या एकमेकींची पिसे खातात. टोचणे रोखण्यासाठी कोंबड्यांना चष्मा लावण्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत १९०३ साली दिले गेले होते. चोचीचे टोक छाटण्याची पद्धत आजही मोठ्या प्रमाणावर चालते, पण चोचीत मज्जातंतू असतात आणि ती वेदना टिकून राहू शकते. नॉर्वेने १९७४ मध्येच या पद्धतीवर बंदी घातली.

आंधळी किंवा कायमची लंगडी झालेली कोंबडी मोठ्या कळपात पुन्हा टिकत नाही. तिला दोन-तीन शांत कोंबड्यांच्या वेगळ्या गटात ठेवावे, पाण्याचे भांडे नेहमी एकाच जागी असावे आणि दांडी जमिनीलगत लावावी. जिच्या वेदना आटोक्यात येत नाहीत तिला पशुवैद्याकडून शांत मरण देणे हेच योग्य.