घसारा (घाटवाटांवरील)

कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या सह्याद्रीतील पायवाटांवर, उताराच्या जागी सुटा पडलेला मुरूम, दगडांचा चुरा, सुकी माती आणि वाळके गवत यांचा थर. तसेच त्या थरामुळे पाय न ठरण्याची वाटेची अवस्था. ‘वाटेवर घसारा आहे’ म्हणताना पहिला अर्थ अभिप्रेत असतो, ‘वाट घसाऱ्याची आहे’ म्हणताना दुसरा. घसारा थोडाफार वर्षभर असतो. होळीनंतर तो वाढत जातो आणि वैशाखात, म्हणजे एप्रिलअखेरपासून मृगाच्या तोंडापर्यंत, सर्वांत त्रासदायक होतो. हिमालयातील वाटांविषयी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ‘बर्फ किती आहे’ असे विचारतात, तसे इकडे घाटवाट उतरण्याआधी ‘घसारा किती आहे’ आणि ‘पाणी कुठवर आहे’ हे दोन प्रश्न विचारले जातात.

हिशेबाच्या वहीतला घसारा, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटी दरसाल वजा टाकायची रक्कम, हा या नोंदीचा विषय नाही. मात्र शब्दाचा विचार करताना तो टाळता येत नाही. वाटेवरचा घसारा ‘घसरणे’पासून आणि वहीतला ‘घासणे’पासून आला, अशी फोड सहज सुचते. ‘घासणे’ संस्कृत ‘घृष्’ धातूशी जोडले जाते. ‘घसरणे’ही त्याच कुळातले मानावे, असा प्रस्तुत नोंदीचा कल आहे. डोंगराच्या बाबतीत तरी हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. आधी कातळ झिजतो, मग त्या झिजेवरून माणूस घसरतो.

घसारा कोठून येतो याचे उत्तर सह्याद्रीच्या कड्याच्या घडणीत आहे. येथील खडक दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. हे थर वेगळे ओळखण्यासाठी भूवैज्ञानिकांनी जी नावे घेतली ती बहुतेक घाटातली आणि घाटमाथ्यावरची आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. सगळे थर सारखे टणक नाहीत. घट्ट, अखंड बेसाल्टचा थर उभा कडा धरून राहतो. वायूच्या पोकळ्या असलेला, त्यांत गारगोटीसारखी खनिजे भरलेला थर लवकर कुजतो आणि मागे सरकतो. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी असते. ती नखानेही उकरता येते. कडा, त्याखाली उताराचा टप्पा, पुन्हा कडा, अशी जी पायऱ्यांची रचना कोकणातून वर पाहताना दिसते ती यामुळे. मधल्या टप्प्याला पदर म्हणतात. वरच्या कड्याचे दगड पदरावर येऊन पडतात, पदराचा मुरूम खालच्या नाळेत, म्हणजे उभ्या घळीत, उतरतो. घसाऱ्याचा साठा तो हाच.

हा कडा मुळात निर्माण कसा झाला, याबद्दल मतभेद आहेत, आणि घसाऱ्याकडे कसे पाहायचे हे बरेचसे त्या मतांवर अवलंबून आहे. जुने मत प्रस्तरभंगाचे. भारताचा पश्चिम किनारा तुटून समुद्राच्या बाजूची जमीन खचली आणि उरलेली भिंत म्हणजे सह्याद्री, असे ते थोडक्यात सांगता येईल. कड्याची रेषा किनाऱ्याला पुष्कळशी समांतर धावते आणि कोकणात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची रांगच आहे. वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, आरवली, राजापूर ही त्यांतली ठळक नावे. या दोन्ही गोष्टी त्या मताला पोषक मानल्या गेल्या. पुढे भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९४९ मध्ये पनवेलच्या परिसरातील थरांच्या वाकाकडे लक्ष वेधले. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्ह्याचे थर किनाऱ्याकडे येताना समुद्राच्या दिशेने स्पष्टपणे कलतात. हा कल थर नुसते वाकल्याने आला की लहानमोठ्या भंगांवर तुकडे तिरपे होऊन, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

दुसरे मत कडा मागे सरकल्याचे. ऑलियर आणि पोवार या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ते पश्चिम घाटाच्या संदर्भात मांडले. त्यानुसार किनारा फुटल्यानंतर तयार झालेला मूळ उतार आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. कोकणातल्या आखूड, वेगवान नद्यांनी तो मुळाकडून खात खात पूर्वेला ढकलला. हे मत मान्य केले की काही गोष्टींची संगती चांगली लागते. आजच्या कड्याच्या पायथ्याशी सलग मोठा भंग दिसत नाही. माथेरान, प्रबळगड, कर्नाळा, माणिकगड हे मुख्य रांगेपासून सुटलेले डोंगर कड्याच्या पश्चिमेस मागे उरलेले अवशेष ठरतात. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतले ओढे अगदी कड्याच्या टोकाशी, जणू डोके छाटल्यासारखे सुरू होतात. घाटवाटा ज्या खिंडींतून माथ्यावर निघतात त्यांतल्या काही अशाच छाटलेल्या दऱ्या असाव्यात. दोन्ही मते परस्परांना पूर्णपणे छेद देतात असे नाही. भंगाने सुरुवात करून दिली आणि पुढचे काम पाण्याने केले, अशी मांडणी अलीकडे अधिक रुचते. या दृष्टीने कडा अजूनही मागे सरकतो आहे आणि घसारा ही त्या सरकण्याची पायाखाली सापडणारी खूण आहे.

पाऊस हा घसाऱ्याचा कर्ताही आणि हर्ताही. आंबोलीस वर्षाला साधारण ७,००० मि.मी., महाबळेश्वरास ५,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो; यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या पाण्याने नाळा धुऊन निघतात, मोठे धोंडे जागा बदलतात, वरून नवा माल येतो. कधी सगळा उतारच सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दिवाळीच्या सुमारास उतारावरची माती ओलसर असते, गवताची मुळे तिला धरून ठेवतात, वाट पायाला घट्ट लागते. पुढे गवत वाळते, माती भुगा होऊ लागते. फाल्गुनात वणवे लागतात आणि जळालेल्या उतारावर मुरूम धरून ठेवायला काही उरत नाही. न जळालेला उतार बरा, असेही नाही. उताराच्या दिशेने आडवे पडलेले वाळके गवत तळव्याखाली गुळगुळीत होते. कुसळी मोजे-पायमोज्यांत रुततात ते वेगळेच.

घसारा ओळखायला सोपा, जोखायला अवघड. वरून पाहिले तर मुठीएवढे आणि नारळाएवढे दगड शांतपणे पडलेले दिसतात. त्यांतला एक उचलला की खाली ज्वारीच्या दाण्याएवढ्या तांबूस मुरमाचा थर असतो आणि त्याच्याही खाली टणक, उतरता कातळ. म्हणजे दगड कातळावर बसलेला नसतो, छर्ऱ्यांवर ठेवलेल्या पाट्यासारखा असतो. त्यावर भार पडला की छर्रे फिरतात. असा उतार साधारण तीस-पस्तीस अंशांपर्यंत तोल सांभाळून असतो; पाऊल पडले की तो तोल बिघडतो. पायथ्याच्या वाड्यांतली माणसे टाच रोवून सरळ उतरत नाहीत. पाऊल आडवे टाकतात, काठी डोंगराच्या बाजूला ठेवतात आणि अंग मागे न टाकता पुढे घेतात. शहरातून आलेला माणूस नेमके उलटे करतो. घाबरून मागे रेलतो, त्याने टाचेवरचा भार वाढतो आणि तो बसतो.

वाटेच्या प्रकारानुसार घसाऱ्याचा स्वभाव बदलतो. नाळ म्हणजे दोन कातळभिंतींमधली उभी घळ; हरिश्चंद्रगडाची बेलपाड्याकडून चढणारी नळीची वाट, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ ही प्रसिद्ध उदाहरणे. (हे सिंगापूर रायगडासमोरच्या घाटमाथ्यावरचे खेडे.) बेलपाड्यापासून हरिश्चंद्रगडाच्या १,४२४ मी. उंचीच्या माथ्यापर्यंतची चढण हजार मीटरांहून अधिक भरते. नाळेत माणूस फार लांब घसरत जात नाही. धोका असतो तो वरच्याने सोडलेल्या दगडाचा. म्हणून नाळेत एकाखाली एक चालत नाहीत, आणि दगड सुटला की ज्याच्या पायाने सुटला त्याने ‘दगड!’ असे ओरडायचे असते. सोंडेवरून किंवा धारेवरून जाणाऱ्या वाटेवर माल कमी साठतो, पण वाळक्या गवताचा त्रास जास्त. सर्वांत वाईट आडवी वाट. कड्याच्या पोटातून जाणारी, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी आणि वाट स्वतः दरीकडे कललेली. बोराट्याच्या नाळेतून लिंगाण्याच्या खिंडीकडे वळताना लागणारा टप्पा या जातीचा आहे. तेथे घसारा बोटभरच असतो, पण दृष्टिभय (खालची उघडी दरी पाहून वाटणारी भीती) असल्याने तेवढाही पुरतो. हाताला कारवी असेल तर आधार मिळतो. कारवी सात वर्षांनी (काहींच्या मते आठ) एकदाच फुलते आणि मग वाळते, म्हणून फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात हाताशी आलेला दांडा जिवंत आहे की नाही हे पाहून धरावा.

उन्हाची गणितेही किनारपट्टीवरची आणि डोंगरावरची अशी एकाच वाटेत मिसळतात. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याचा किमान निकष किनाऱ्यावर ३७, सपाट प्रदेशात ४० आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस असा आहे. घाटवाटेवर चार तासांत माणूस यांतल्या किमान दोहोंमधून जातो. पायथ्याच्या खोलगट जागा सर्वांत तापतात. ताम्हिणीखालच्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६ अंशांहून अधिक तापमान नोंदले गेल्याचे प्रसिद्ध झाले होते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी त्याचीच सावली नाळेवर असते. दुपारनंतर मात्र काळा कातळ समोरून ऊन घेतो आणि हात टेकवत नाही. म्हणून कोकणातून वर जाणारे पहाटे निघतात. पाण्याचे गणित याहून कडक. ओढे मार्चपर्यंत आटतात, नंतर डोह, झरे आणि कातळात खोदलेली टाकी यांवर भिस्त. मुरबाड, शहापूर, कर्जत या भरपूर पावसाच्या तालुक्यांतील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई जाणवते, तेव्हा वाटसरूने त्यांच्या हंड्यावर विसंबून निघणे बरे नव्हे. कड्याला लागलेली आग्या मोहोळे हा उन्हाळ्यातला आणखी एक धोका. धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर तेथे टाळतात.

घसाऱ्यावर जुना उपाय फरसबंदीचा. मुरबाडकडच्या वैशाखरे गावाजवळून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट आजही उन्हाळ्यात त्या मानाने सुखाचा आहे, कारण वाटेचा बराच भाग दगड बसवून बांधलेला आहे. ही बांधणी किती जुनी, हे माथ्यावरच्या लेण्यातील लेखांच्या काळाशी जोडले जाते. इंग्रज अधिकारी साइक्स यांनी १८२८ च्या सुमारास या लेखांची माहिती पाश्चात्त्य अभ्यासकांपुढे आणली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या अभ्यासकांनी त्यांचे वाचन केले. सातवाहन राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञ आणि दक्षिणा यांची लांब यादी आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तींची आता पावलेच काय ती उरली आहेत. नावे मात्र वर कोरलेली सापडतात. ब्यूलर यांचा कल लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकाकडे नेण्याचा होता. अक्षरवटिकेच्या, म्हणजे अक्षरांच्या वळणाच्या, आधारे दि. चं. सरकार आदींनी तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणला, आणि ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. तथापि लेख जुना म्हणून खालची प्रत्येक पायरी त्याच काळची, असे मानता येत नाही. बैलांच्या तांड्यांची वाट दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागते. आजचे दगड अनेक शतकांच्या हातांचे असावेत. मीठ आणि सुकी मासळी वर, धान्य आणि गूळ खाली अशी ही वाहतूक दसऱ्यानंतर सुरू होई आणि मृगापूर्वी मिटे. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर आजूबाजूच्या वाटांवरचे तांडे हटले. डागडुजी थांबली आणि घसारा वाढला. ज्या वाटेने अजून गुरे जातात ती मळलेली राहते.

बर्फाचा प्रश्न येथे येत नाही. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मी. उंच आहे. थंडीत महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दिसणारा व दरवर्षी बातमीचा विषय होणारा ‘बर्फ’ म्हणजे गोठलेले दव. वैशाखात वळवाबरोबर गारा पडतात, पण त्या टिकत नाहीत. मे महिन्यात कोकणातून हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्यांना तेथील बर्फाचे उतार नवे असले, तरी आडवे पाऊल आणि पुढे झुकलेले अंग ही घसाऱ्यावरची सवय तेथेही उपयोगी पडते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. बर्फ पहाटे टणक आणि दुपारी मऊ होतो, घसारा दिवसभर सारखाच. वळवाची एक सर पडली तर धूळ बसून तो दिवसभरापुरता सुधारतो. दोन-तीन सरी पडल्या की दगडाखालची माती सैल होते आणि तो आधीपेक्षा बिघडतो.

चिपळूण-कराड वाटेवरच्या कुंभार्ली घाटाच्या दक्षिणेस, विशेषतः सिंधुदुर्गात, माथ्यावर जांभा आणि उतारावर दाट रान असल्याने घसाऱ्याचे स्वरूप निराळे आहे. तेथे मुरमाऐवजी जांभ्याचे गोल खडे आणि पाचोळ्याचा जाड थर पायाखाली येतो. बेळगाव-वेंगुर्ले मार्गावरचा जुना रामघाट या प्रकारात मोडतो.