शेपटीतला एक ग्रॅम

मॉडेल विमान करायला बसलेल्या पोराला जुनी छांदिष्ट मंडळी पंखाआधी शेपटीबद्दल बजावतात: "गोंद पुसून काढ रे, तिथं थेंब नको." इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या काकांना कारण विचारलं, तर "जड होतं" एवढंच उत्तर मिळतं. त्यामागे आहे साधं तरफेचं गणित.

विमान जिथं तोललं जातं, तिथून शेपूट समजा ४५ सेंटिमीटर मागे आणि नाक १५ सेंटिमीटर पुढे आहे. शेपटीत १ ग्रॅम गोंद जास्त गेला, तर तोल सावरायला नाकात ३ ग्रॅम शिसं भरावं लागतं. एका ग्रॅमचे झाले चार. म्हणून बाल्सा या हलक्या लाकडाची सर्वांत हलकी पट्टी शेपटीसाठी राखून ठेवायची. एका पट्टीची घनता दुसरीच्या दुप्पट सहज असू शकते. दुकानात प्रत्येक पट्टी काट्यावर ठेवून बघणाऱ्यांना खुशाल चिकित्सक म्हणा, पण ते बरोबर करतात.

तोल कुठं हवा, याचाही ठोकताळा आहे. नेहमीच्या घडणीच्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीचा पाव ते एक तृतीयांश भाग. पंख १८ सेंमी रुंद असेल तर ४.५ ते ६ सेंमी. तिथं दोन बोटांवर विमान टेकवायचं. नाक जरा झुकलं तर चांगलंच. झुळुकीनं नाक वर झालं की पंख आणि शेपूट दोन्हींवरची उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, बदलते. ही वाढीव उचल एकंदरीत गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान तोललं जातं त्या बिंदूच्या, मागे पडली तर नाक आपसूक खाली येतं. पुढे पडली तर नाक आणखी वर चढतं, आणि मग विमान हाती लागतं ते तुकड्यांत. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल ११ सेकंद, सुमारे ४० मीटर उडवलं. ते स्थिर राहिलं ते मागच्या छोट्या आडव्या शेपटीमुळे. राइट बंधूंचं उड्डाण तेव्हा ३२ वर्षं दूर होतं.

गोंदाचं एक पथ्य मात्र आधीच माहीत हवं: फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद थर्मोकोलला खातो. आधी तुकड्यावर थेंब टाकून बघा.

पावसाळ्यात टिश्यू पेपर चढवलेला पंख दमटपणानं पिळवटतो. किटलीच्या वाफेवर धरून उलट पीळ द्यायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. मात्र दोन्ही टोकांची मागची कड सारखीच किंचित वर असेल, तर तो पीळ राहू द्या. वेग कमी झाला की अशा पंखाची उचल आधी मुळाशी तुटते, टोकं तग धरतात, आणि विमान एका अंगावर कलंडत नाही.

इंदूरकरांचा आणखी एक हिशेब असतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे हवा मुळातच विरळ. त्यात मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी ती थंडीतल्या १० अंशांच्या सकाळपेक्षा जवळजवळ १० टक्के विरळ होते. तेच विमान तेव्हा हवेत राहायला सुमारे ५ टक्के जास्त वेग मागतं. जानेवारीत जेमतेम उडणारं विमान मे महिन्यात हातातून सुटताच खाली बसलं, तर मोटर खोलण्याआधी ते काट्यावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मैदानावर जा.