जादूच्या कादंबऱ्या वाचून मुलं करणीच्या नादी लागतात?

हॅरी पॉटर वाचून अमेरिकेतली मुलं सैतानाची पूजा करू लागली, ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या पालकांनीही ऐकलेली असते. मुळात ती बातमीच नव्हती. ‘द अनियन’ या अमेरिकी विडंबनपत्राने २००० साली छापलेला तो काल्पनिक मजकूर, मुलांची विधानंही रचलेली. पुढे साखळी-ईमेलमधून तो खरा म्हणून फिरला.

हॅरी पॉटरच्या कथेत जादू जन्मजात असावी लागते. नुसते मंत्र पाठ करून ती कोणालाच येत नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी झटले, तो २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही भोंदूगिरीच्या, अघोरी कृत्यांना शिक्षा करतो. काल्पनिक गोष्ट वाचणं त्यात बसत नाही.

खरी काळजी वयाची. पहिल्या भागात १७ प्रकरणं आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रोज एक पुरे. चौथ्या भागाच्या शेवटाकडे मात्र दफनभूमीत एका विद्यार्थ्याचा खून होतो. सुट्टीत सगळे भाग सलग संपवणारी मुलं इथे घाबरतात. हा भाग आमच्या मते अकरा-बाराच्या आधी नको. दफनभूमीची प्रकरणं आधी स्वतः वाचा आणि मुलाबरोबर दिवसाउजेडी वाचून त्यावर बोला.